चाकावरची रेघ

वर्षातून एकदा, सगळं घर सुट्टीला समुद्रावर निघायचं त्या सकाळी, थोरल्या सुनेच्या शब्दावाचून त्या घरातलं पान हलत नसे. शब्द एकच होता. "निघा."

एरवी तिच्या शब्दाला कुणी फारशी भीक घालत होतं, असं नाही. स्वयंपाकघर सासूबाईंचं. टीव्हीचा रिमोट नवऱ्याच्या मुठीत. मुलगी शिंगं फुटल्यापासून प्रत्येक गोष्टीला "हो गं आई" म्हणायची आणि करायची आपल्याच मनाचं. थोरलीनं एकदा गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं, तर पहिल्याच दिवशी फाटकाचा खांब ठोकला. खांबाचा उडालेला टवका अजून तसाच होता आणि पाहुणे आले की त्यांना तो चहाच्या आधी दाखवला जायचा. पण त्या एका सकाळी मात्र सगळे गाडीत मुकाट बसलेले असत, नवरा किल्ली हातात धरून वाट बघत असे, आणि थोरली बाह्या सारून गाडीभोवती फिरत असे. मनासारखी फेरी झाली की ती नवऱ्याच्या खिडकीशी यायची, छपरावर एक थाप मारायची आणि म्हणायची, "निघा." मगच किल्ली फिरायची. एकदा नवऱ्यानं घाई करून आधीच फिरवली, तर शेजारी बसलेले सासरे नुसते खाकरले. त्यानं निमूटपणे गाडी बंद केली.

हा मान तिला सासऱ्यांनीच दिला होता. सासऱ्यांचा उभा जन्म लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात गेला. गल्ली त्यांना अजून 'पायलट' म्हणायची. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीतल्या कुणाला साधं खरचटलंही नाही, आणि त्याचं श्रेय ते स्वतःकडे न घेता फेरीला देत. फेरी म्हणजे निघण्याआधी गाडीची आतून-बाहेरून केलेली तपासणी. डेपोत ती रोज व्हायची, घरी सुट्टीच्या आधी. दोन्ही मुलगे या कामात अगदीच कुचकामी निघाले. थोरला बॉनेट उघडायचा, आत सगळं आहे ना हे बघायचा आणि लावून टाकायचा. धाकटा तर इतका विसरभोळा की एका वर्षी स्टेपनी पंक्चर काढायला टाकून आला आणि दुकान कुठलं तेच विसरला. त्या वर्षी ते स्टेपनीशिवाय जाऊन आले आणि सासरे वाटभर कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली थोरली म्हणाली होती, "मला दाखवा, मी करत जाईन." सासऱ्यांनी तिला नीट निरखून पाहिलं आणि खिशातला खडू काढून तिच्या तळहातावर ठेवला.

खडूचं काम असं, की चाकाचे नट पान्यानं घट्ट आवळले की प्रत्येक नटावरून खाली चाकाच्या लोखंडावर एक रेघ ओढायची. मग वाटेत कुठेही थांबलं तरी नुसतं वाकून बघायचं. रेघ सरळ असली तर नट जागेवर आहे. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, ढिला झालाय. नट दिसायला हवेत म्हणून सासऱ्यांनी चाकांवरच्या चकचकीत टोप्या गाडी घरी आली त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकल्या होत्या. खडू देताना त्यांनी तिला आणखी एक गोष्ट बजावली होती. रेघ ज्यानं ओढली त्यानंच पुसायची. कारण रेघ म्हणजे त्या माणसानं दिलेला शब्द. डेपोत कुणी दुसऱ्याची रेघ पुसली, तर त्याच्याबरोबर कुणी चहा पीत नसे.

थोरलीनं ते काम असं काही अंगी बाणवलं की बघत राहावं. निघायच्या चार दिवस आधीपासून तिच्या अंगात वारं भरायचं. ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, उजेडात धरून बघायची. वायपरच्या रबरावरून बोट फिरवायची. मुलीला गाडीमागे उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का ते ओरडून विचारायची. डिकी तर दुसऱ्या कुणाला लावूच द्यायची नाही. जड बॅगा खाली आणि सीटला टेकून, हलक्या वर, आणि जॅक अन् पाना सगळ्यांत हाताशी, कारण पावसात पंक्चर झालं तर रस्त्यावर संसार मांडत बसायचं का? मागच्या काचेपाशी पाण्याची बाटली ठेवलेली दिसली की तिचं डोकं फिरायचं. करकचून ब्रेक लागला तर ती बाटली कुणाच्या डोक्यात बसेल, हे ती मुलीला दरवर्षी सांगायची. सासूबाई मागे बसून पट्टा लावायला कुरकुरायच्या, तर थोरली काही न बोलता वाकून तो खट्कन लावून द्यायची. वर्षभरात सासूबाईंवर चढवलेला तिचा तेवढाच एक आवाज.

आणि हे सगळं चालू असताना सासरे आत पलंगावर डोळे मिटून पडलेले असत. बाहेर यायचे ते थेट पुढच्या सीटवर बसायला. 'झालं का' एवढंही विचारत नसत. बसले की पट्टा लावायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. उभ्या जन्मात दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत न झोपलेला माणूस तिच्या फेरीवर झोपायचा.

मग धाकट्याचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

ती एका प्रयोगशाळेची छोटी गाडी घेऊन दिवसभर घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत हिंडायची. संध्याकाळी घरी आली की गाडी मागे घेत फाटकातून आत आणायची, एका हातानं, आरशात बघत, त्याच खांबाच्या शेजारून. पहिल्यांदा तिला तसं करताना पाहिलं तेव्हा थोरली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आता लागेल, असं ती मनाशी म्हणाली. लागली नाही. थोरलीला खरोखर वाईट वाटलं.

बरं, धाकटी वाईट असती तरी निभावलं असतं. वाईट माणसाचा राग करता येतो. हिचा राग करायला जागाच नव्हती. न सांगता भांडी घासायची, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा पाठ, नवऱ्याच्या विसरभोळेपणावर हसायची पण त्याला चारचौघांत पाडून बोलायची नाही. थोरलीची मुलगी आईला दिवसभरात चार शब्द टाकायची आणि काकूला शाळेची सगळी हकिकत सांगत बसायची. दोघींचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं की थोरली उगाचच हाक मारून मुलीला कणीक चाळायला बसवायची.

पण सगळ्यांत जास्त खुपायचं ते वेगळंच. सासरे थोरलीला 'सूनबाई' म्हणायचे आणि धाकटीला 'पोरी'. सूनबाई, चष्मा कुठाय. पोरी, आज कुठे कुठे जाऊन आलीस. सूनबाई म्हणजे घरात कुणीही येऊन बसावं अशी जागा, आणि पोरी म्हणजे पोटची, असा थोरलीनं त्याचा अर्थ लावला. लावला आणि गिरवत बसली.

त्या वर्षी सुट्टी चार दिवसांवर आली असताना रात्रीच्या जेवणात सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं की या खेपेला फेरी धाकटी करेल. तिलाही यायला हवी, म्हणाले, पुढे घरची ही गाडी तीही चालवणार आहे. थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. सगळ्यांनी तिच्याकडे बघायच्या आत ती म्हणाली, "करू दे की. मला तेवढीच सुट्टी." आणि पुढचं सगळं जेवण ती इतकी हसून बोलली की नवऱ्याला शंका यायला हवी होती. त्याला ती कधीच येत नसे.

रात्री तिला अन्न गोड लागलं नाही ते नाहीच, पण दुसऱ्या दिवशी जे दिसलं त्यानं तिच्या अंगाची आग आग झाली. ती ज्या स्टुलावर बसून भाजी चिरायची, ते स्वयंपाकघरातलं स्टूल सासऱ्यांनी बाहेर नेलं होतं. आणि गुडघे कुरकुरत असताना, भर दुपारी, ते गाडीच्या चाकाशेजारी स्टूल टाकून बसले होते. धाकटी बॉनेटमध्ये वाकली होती. तिनं ऑइलची पट्टी काढली की सासरे मान पुढे करून बघत. तिनं पुसली की म्हणत, पुन्हा बघ पोरी. तिनं बॅटरीवरचा पांढरा मळ खरवडला, तर सासऱ्यांनी तिला बोटानं राहिलेला कोपरा दाखवला. दुपारभर हेच. दुसऱ्या दिवशीही हेच. माझ्या वेळी कधी उंबऱ्याबाहेर आले नाहीत, थोरली खिडकीतून बघत स्वतःशी म्हणाली, आणि इथे मात्र ऊन लागत नाही, गुडघे दुखत नाहीत.

नवरा पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं काळजीचा आव आणून विषय काढला. म्हातारपणी एवढं उन्हात बसणं बरं का, म्हणाली. नवऱ्यानं गटागट पाणी पिऊन ग्लास ठेवला आणि सांगितलं, की बसू दे गं, डेपोतही त्यांचं असंच होतं, नवा माणूस आला की 'पोरा, पोरा' करत त्याच्या डोक्यावर बसायचे, आणि एकदा तो तयार झाला की त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. थोरलीनं त्यातलं 'बसू दे' एवढंच ऐकलं.

निघायच्या आदल्या दिवशी चाकांची पाळी आली. धाकटी खडू घेऊन बाहेर गेली तशी थोरलीनं पिशवी उचलली आणि बाजाराची वाट धरली. तो खडू दुसऱ्याच्या हातात बघणं तिच्यानं होणार नव्हतं. बाजारात तिला काही घ्यायचं नव्हतं. ती गल्लोगल्ली हिंडली, नको असलेल्या टाचण्यांचं पाकीट घेतलं आणि दिवेलागणीला परत आली. अंगणात कुणी नव्हतं. गाडी भिंतीच्या कडेला उभी होती. स्टूल परत स्वयंपाकघरात आलं होतं.

धाकटी ओट्याशी उभी राहून हाताचं ग्रीस काढत होती. वहिनी आल्या म्हणून तिनं जागा करून दिली, आणि मग हात धुता धुता हसत म्हणाली, "वहिनी, तुमच्या वेळी म्हणे बाबा आत डोळे मिटून पडलेले असतात. कसं जमवलंत हो ते?"

थोरलीच्या कानशिलात सणक गेली. म्हणजे ही आता तोंडावर विचारते, की तुझ्यासाठी म्हातारा पलंगावरून उठतसुद्धा नव्हता ना? तिनं काहीतरी पुटपुटून तोंड फिरवलं. धाकटी आणखी काही सांगत होती, चाकाबद्दलच, गॅरेजवाल्याबद्दल. पण थोरली तोवर माजघरात गेली होती.

घरात मॅच लागली होती. सगळे टीव्हीला चिकटले होते. थोरलीनं कचऱ्याची बादली उचलली आणि जाता जाता ओट्यावरचं ओलं फडकंही उचललं. कशाला उचललं हे तिनं तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

फाटकापाशी बादली रिकामी करून ती गाडीजवळ आली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. रेघा दिसत होत्या. तिच्या स्वतःच्या रेघा थोड्या जाड यायच्या, कारण ती खडू दाबून धरायची. या बारीक होत्या आणि ओळीनं एकसारख्या. तिनं डिकीतून पाना काढला आणि पहिल्या चाकाचा एक नट रेटून पाहिला. हलला नाही. दुसरा पाहिला. तोही नाही. एखादा तरी ढिला निघावा म्हणून तिनं अंगातलं सगळं बळ लावलं. एकसुद्धा निघाला नाही. तो राग तिच्या डोळ्यांत पाणी होऊन आला. तिनं पाना ठेवला, फडकं घेतलं आणि खसाखसा पुसायला लागली.

पहिलं चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. सासऱ्यांनी काय बजावलं होतं ते तिला आठवत नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं आठवत होतं. सकाळी कोरी चाकं दिसतील, सासरे कपाळाला आठ्या घालतील, पोरी पोरी करणं जागच्या जागी थांबेल, आणि म्हणतील, सूनबाई, तूच कर गं. एवढंच तिला हवं होतं. यात कुणाचं काय जाणार होतं?

भिंतीकडच्या चौथ्या चाकापाशी ती अंग चोरून शिरली, वाकली, आणि तिचा हात थांबला. त्या चाकावर रेघच नव्हती. एकाही नटावर नव्हती. विसरली! थोरलीला हसू फुटलं. एवढी शहाणी, एवढी टापटिपीची, दोन दिवस शेजारी म्हातारा बसवून फेरी केली, आणि एक अख्खं चाक विसरली. उगाच घाई केली पुसायची, असंही तिला वाटून गेलं. पण असू दे. सकाळी सगळ्यांसमोर हे चाक ती स्वतः आवळणार होती. चाक तसंच जाऊ देण्याइतकी ती वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. फक्त आवळताना घरानं बघायला हवं होतं. तिनं फडकं खळखळून धुतलं, दोरीवर टाकलं आणि येऊन मॅच बघत बसली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सकाळी बॅगा भरून झाल्या. सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या. मुलगी काकूशेजारची जागा धरून बसली. धाकटी अजून बाहेरच होती आणि फाटकाकडे बघत होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. निघायला जरा उशीर होईल, एवढं ती म्हणाली. पुढचं बोलायच्या आत सासरे काठी टेकत बाहेर आले आणि थोरलीनं संधी साधली.

ती म्हणाली, की मी तर कालपासून गाडीकडे फिरकलेही नाही, आज सहज लक्ष गेलं, चाकांवर रेघा कशा नाहीत?

सासऱ्यांनी काठीवर भार देऊन एक एक चाक पाहिलं. धाकटीही धावत आली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ओढल्या होत्या, बाबा समोर होते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. तेवढ्यात धाकट्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अपराधी सुरात सांगितलं, की काल त्यानं काचा पुसल्या होत्या, त्याच नादात चाकंही पुसली असतील, नक्की काही आठवत नाही. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, याच्या हातात फडकं दिलं कुणी. चला, पुन्हा ओढा रेघा आणि मिटवा.

थोरली तिथे गप्प बसली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण धाकट्यावर खापर फुटून तिला काय मिळणार होतं? ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते तर हातचं निघून चाललं होतं. तिला राहवलं नाही.

"भाऊजींना कशाला बोल लावता?" ती म्हणाली. "हिनं चौथ्या चाकावर रेघ ओढलीच नव्हती. ते चाक विसरलीच होती ही."

सासरे वाकलेले होते ते सावकाश सरळ झाले.

"चारही चाकं कोरी आहेत, सूनबाई," ते म्हणाले. "तीन चाकांवर होती आणि चौथ्यावर नव्हती, हे तुला कुणी सांगितलं?"

कालपासून गाडीकडे फिरकले नाही, हे थोरलीनंच आत्ता सगळ्या घराला ऐकवलं होतं. दोरीवर ते फडकं वाळत होतं. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं आणि नेमकी तिकडेच तिची नजर गेली.

सासऱ्यांनी पाना मागितला. भिंतीकडच्या चाकापाशी जाऊन त्यांनी तो एका नटावर बसवला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला. नट फिरला. पुन्हा फिरला. फिरतच राहिला, कुठे अडकेचना. आतल्या बोल्टचे आटे झिजून गेले होते. काल धाकटीच्या हाताला ते लागलं होतं आणि दोघांनी गॅरेजवाल्याला फोन करून सकाळी नवा बोल्ट घेऊन यायला सांगितलं होतं. तोवर चुकून कुणी गाडी बाहेर काढू नये म्हणून त्या अख्ख्या चाकावर धाकटीनं मुद्दामच रेघ ओढली नव्हती.

"रेघ नाही म्हणजे विसरली असं नाही," सासरे म्हणाले. "रेघ नाही म्हणजे या चाकावर जाऊ नका. बाकीच्या तीन चाकांवर होत्या म्हणून ते कळत होतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. गाडीतून तिची मुलगी तिच्याकडे बघत होती, कितीतरी महिन्यांनी अशी नीट, टक लावून. नवरा किल्लीशी चाळा करत होता. त्यालासुद्धा या वेळी कळलं होतं.

मग धाकटी बोलली. ती म्हणाली, की रात्री दव फार पडतं हल्ली, ओल्यानं खडू जातोच, आणि तिसऱ्या चाकापर्यंत थोडं थोडं गेलंही असेल. काल वहिनींना चौथ्या चाकाचं सांगायला गेले होते, त्यातलंच काही त्यांच्या कानावर पडलं असेल. तिला खोटं बोलायची सवय नव्हती आणि ते दिसत होतं. कुणी तिचं खोडून काढलं नाही. सासऱ्यांनी मान हलवली नाही, की नाहीही म्हटलं नाही. थोरली मान खाली घालून उभी होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला, आणि त्यातूनही, त्याही क्षणी, तिला धाकटीचा हेवाच वाटला. एवढं मोठं मन हिला कुणी दिलं, आणि तेही हिलाच का?

गॅरेजवाला आला. त्यानं जॅक लावला, चाक काढलं, झिजलेला बोल्ट ठोकून बाहेर काढला आणि नवा बसवला. चाक परत चढवून तो निघून गेला. तेवढा वेळ सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत राहिले. सासूबाईंनी पिशवीतली खाण्याची डबी उघडली आणि पुन्हा लावली.

आता चारही चाकं नव्यानं तपासायची होती. धाकटीनं खिशातून खडू काढला आणि थोरलीपुढे धरला.

"वहिनी, तुम्ही करा," ती म्हणाली. "'निघा'ही तुम्हीच म्हणा."

थोरलीनं सासऱ्यांकडे पाहिलं. पुढचं दार उघडं होतं. आता ते नेहमीसारखे जाऊन सीटवर बसतील, पट्टा लावतील आणि डोळे मिटतील. ते एवढं करतील तर सगळं पुसलं जाईल, असं तिला वाटलं. दुसरं काही नको होतं तिला. कुणी चांगलं म्हणायला नको, सॉरी म्हणायची वेळ यायला नको, फक्त त्यांनी डोळे मिटावेत. तिनं खडू घेतला. सासरे उघड्या दाराशी गेले, क्षणभर थांबले, आणि त्यांनी ते दार बाहेरूनच लावून टाकलं.

"पोरी," त्यांनी हाक मारली.

धाकटी लगेच वळली. पण सासरे तिच्याकडे बघत नव्हते.

त्यांनी धाकट्याला आतलं स्टूल आणायला सांगितलं. तो या वेळी काही न विसरता स्टूल घेऊन आला. सासऱ्यांनी ते पहिल्या चाकाशेजारी ठेवून घेतलं, काठी मांडीवर आडवी धरली आणि गुडघे सांभाळत खाली बसले.

"कर पोरी," ते थोरलीला म्हणाले. "मी इथे बसतो."

थोरली चाकापाशी वाकली. तिनं पहिला नट पान्यानं आवळला, आणखी आवळला, मग खडू टेकवून रेघ ओढली. रेघ जाड आली, तिची नेहमी यायची तशीच. तिनं मान वर करून पाहिलं. सासऱ्यांचे डोळे उघडे होते.